क्वेस्ट ३ कोकणातल्या घरबांधणीवर: एक उन्हाळा, एक पावसाळा

क्वेस्ट ३ म्हणजे मेटाचा डोक्यावर घालायचा हेडसेट: कॅमेऱ्यातून समोरची जागा दिसते आणि तिच्यावर त्रिमितीय मॉडेल उभं राहतं. माझा वापर एकच: स्केचअपमध्ये (त्रिमितीय आराखड्याचं सॉफ्टवेअर) काढलेलं घर प्रत्यक्ष जोत्यावर उभं करून मालकाला आणि सुताराला दाखवणं. साइट राजापूर-देवगड पट्ट्यातल्या, चिऱ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर.

पैसे वसूल झाले ते पडवीवर. २५ अंशांच्या उताराला १.८ मीटर रुंद पडवीत छप्पर ८४ सेंटीमीटर खाली उतरतं. भिंतीशी २.६ मीटर उंची असेल तर कडेला उरते १.७६. नकाशावर हा आकडा कुणी वाचत नाही. हेडसेट लावून कडेला गेलं की उंच माणूस आपोआप मान वाकवतो, आणि भिंत वाढवायची की पडवी अरुंद करायची ते तिथेच ठरतं. दोन दिवसांसाठी आलेल्या चाकरमान्याकडून एवढा निर्णय मिळाला तरी पुष्कळ.

मॉडेलची फाइल जीएलबी (त्रिमितीय मॉडेलचा एक फाइल-प्रकार), एकक मीटर. एककाचा घोळ झाला तर घर हजारपट मोठं उघडतं. कौलं एकेक काढू नका, उतारावर कौलांचं चित्र चिकटवा, नाहीतर दृश्य अडखळतं. साइटवर रेंज नसतेच, त्यामुळे सगळं घरूनच हेडसेटमध्ये भरून न्यायचं. ॲप निवडताना दोन बिंदूंनी मॉडेल जुळवायची सोय आहे ना, ते बघा. बिंदू जोत्याच्या लांबच्या कोपऱ्यांवर घ्या. ३ मीटरच्या अंतरात १ सेंटीमीटरची चूक १० मीटरवर ३.३ सेंटीमीटर होते.

जागा ओळखायला हेडसेटच्या कॅमेऱ्यांना पृष्ठभागावर खुणा लागतात. उघड्या चिऱ्यावर मॉडेल घट्ट बसतं. ताज्या पांढऱ्या गिलाव्याच्या खोलीत सरकतं. भिंतीवर वर्तमानपत्राची पानं वेडीवाकडी चिकटवली की थांबतं. पावसाळी अंधारात फ्लडलाइट हवा, आणि सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्याकडच्या दिव्यांच्या विजेशी जुळणारी.

हातभर अंतरावरच्या वस्तू कॅमेऱ्यातून वाकड्या दिसतात. त्यामुळे यातलं माप घेऊन प्लाय कापू नये. तिथे टेपच.

खरा शत्रू हवा. एसी गाडीतून काढून लगेच घातला तर भिंगांवर वाफ धरते. पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. रात्री सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर बुरशीची भीती. पुड्या ओल्या झाल्या की बदला. भिंगं कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसा. उन्हात हेडसेट उताणा ठेवणं तर सक्त मना: भिंगातून किरण एकवटून पडदा जळतो. मूळचा फोम घाम पितो, त्यावर सिलिकॉनचं कव्हर लागतंच.

बॅटरी साधारण दोन तास, म्हणून पॉवरबँक खिशात. वजन ५१५ ग्रॅम. मूळ पट्ट्याने कपाळ दुखतं, मागे आधार देणारा पट्टा घ्या.

सेकंडहँड होलोलेन्स २ (मायक्रोसॉफ्टचा असाच हेडसेट) कुणी स्वस्तात देऊ केला तर दहादा विचार करा. त्याचं उत्पादन २०२४ मध्ये बंद झालंय. आणि नुसतं कपाट किंवा सोफा खोलीत कसा दिसेल एवढंच बघायचं असेल, तर एआरकोअर (फोनच्या कॅमेऱ्यातून खोलीत वस्तू ठेवून दाखवणारी गूगलची सोय) चालणारा फोन पुरतो.