लिथियम बॅटरीचा इन्व्हर्टर : अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

कोकणात पावसाळ्यात लाइट जाते ती तासाभरासाठी नाही. झाड पडून तार तुटली की दिवस जातो, मध्येच दोन तास लाइट येते, पुन्हा जाते. आमची जुनी ट्युब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड प्रकारची बॅटरी नेमकी इथे मार खायची. लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत बऱ्यापैकी भरते, पुढे मात्र करंट उतरत जातो आणि उरलेल्या २० टक्क्यांना तासन् तास लागतात. तेवढा वेळ लाइट टिकते कुठे? सतत अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि बॅटरी अकाली बसते.

म्हणून मे महिन्यात लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी घेतली, सोबत तिला चालणारा इन्व्हर्टर. ३० अँपिअरने चार्ज होते, त्यामुळे दोन तास लाइट आली तरी निम्म्याहून जास्त भरते. माझ्या दृष्टीने पैसे इथेच वसूल झाले.

कागदावर ही १.२८ युनिटची आणि जुनी १५० एएचची १.८ युनिटची. पण लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की आयुष्य घटतं. हिच्यातले ९० टक्के बिनधास्त वापरतो. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, तीन-चार एलईडी आणि राउटर यांवर रात्र निघते. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणि टर्मिनलवरची ती पांढरी-हिरवी बुरशी, दोन्ही घरातून गेली.

प्लगला मीटर लावून पाहिलं. पूर्वी घरात एक युनिट वापरायला दीड युनिटच्या वर वीज आत जायची, आता १.३ च्या आसपास जाते. म्हणजे साधारण ७७ टक्के परत मिळते. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे, पाणी वर चढवून गरजेला खाली सोडणारा; तसे प्रकल्पही ७० ते ८० टक्केच परत देतात. घरच्या कोपऱ्यातल्या डब्याने एवढं देणं मला फार मोलाचं वाटतं.

खटकणाऱ्या गोष्टी : किंमत जवळपास दुप्पट. व्होल्टेज शेवटपर्यंत स्थिर राहतं, त्यामुळे व्होल्टेजवर चालणारा इंडिकेटर भरलेली दाखवत राहतो आणि बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) पुरवठा एकदम तोडते. बॅटरीची टक्केवारी दाखवणारं मॉडेलच घ्या. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी १५ वॉट खातो, दिवसाला चांगलं एक तृतीयांश युनिट. लाइट यायला वेळ लागणार असेल तर दुपारी इन्व्हर्टर बंद ठेवा.

शहरात अर्धा तास लाइट जात असेल तर ट्युब्युलर पुरे. आमच्यासारखं असेल तर हीच घ्या, फक्त चार्जिंग किती अँपिअरने होतं ते दुकानात आधी विचारा.