अडीच टनी ‘ड्यूस’ एम35ए2: नऊ महिने वापरून झाल्यावर

हा जुना लष्करी ट्रक घेऊन नऊ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं आणि तिसऱ्यात नुसत्या शिव्या.

आमची टेक्सासमध्ये, ऑस्टिनच्या बाहेर, थोडी खडकाळ जमीन आहे. मूळचा नगरचा, त्यामुळे लष्कराचे शक्तिमान ट्रक बघतच मोठा झालो, तो किडा डोक्यात होताच. ऑनलाइन लिलावात हा 1972 चा अमेरिकन आर्मीचा ट्रक घेतला. दहा टायर (मागच्या चाकांना जोडटायर), सहाही चाकांना ड्राइव्ह. पैसे भरले की गाडी आपली असं समजू नका, सरकारी फॉर्म 97 हातात आल्याशिवाय टायटल, म्हणजे मालकीचा कागद, होत नाही आणि तो यायला माझे सात आठवडे गेले. घरी आणायला लोबॉय, म्हणजे अवजड गाड्या वाहायचा बुटका ट्रेलर, करावा लागला कारण रिकामा ट्रकच सहा टनांच्या आसपास, पिकअपच्या मागे बांधून आणू म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

नावात अडीच टन असलं तरी ते रस्ता सोडून चालवायचं रेटिंग आहे, पक्क्या रस्त्यावर पाच टन. मी खडी आणि तोडलेली सीडरची झाडं वाहतो, ओढ्यातून वर चढताना पुढचा ॲक्सल लावला की विषय संपला. पण हा डंपर नाही हो! पहिल्यांदा चार टन खडी भरून ऐटीत आलो आणि मग दीड दिवस फावड्याने उतरवली, बायको व्हरांड्यातून चहा पीत बघत होती.

चावी नाही. लिव्हर फिरवायचा, बटण दाबायचं, आणि बंद करायला दांडी ओढायची. इंजिन 7.8 लिटरचं मल्टिफ्युएल, डिझेल, जेट फ्युएल, काहीही पितं, मी मात्र डिझेलच घालतो, उगाच इंजिनच्या इंधन पंपाशी खेळ नको. गॅलनला 8-9 मैल देतो. टर्बोची शिट्टी इतकी की ताशी 45 मैलांच्या वर शेजारच्या सीटवरच्याशी खाणाखुणांनी बोलायचं. पॉवर स्टिअरिंग म्हणजे आपले दंड.

आता ब्रेक. नीट वाचा. हवेची मदत असलेले हायड्रॉलिक ब्रेक आहेत पण सर्किट एकच, सहापैकी एका चाकाचा सिलिंडर फुटला की सगळेच गेले. माझं तेच झालं, उतारावर पेडल जमिनीला टेकलं, पोटात गोळा आला, पहिल्या गिअरमध्ये होतो आणि हँडब्रेक वेगळा, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारी पेटी) मागच्या ड्रमवर असतो, त्यामुळे कुंपणाच्या आधी थांबलो. विकणाऱ्याने ‘ब्रेक ओके’ लिहिलं होतं. मग सहाही सिलिंडर आणि रबरी होज बदलले, हे खरं तर पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

त्याच कामात डावीकडचं चाक खोलताना नट हलेना म्हणून पान्याला चार फुटी पाइप लावून त्यावर उभा राहिलो, नट जागचा हलला नाही, स्टड (नट बसतो तो बोल्ट) तुटला. दुसरा पण तुटला. मग डोळ्यांवर चष्मा लावून बघतो तर स्टडच्या टोकावर बारीक ‘एल’. डाव्या बाजूचे आटे उलटे असतात! दोन स्टड आणि एक रविवार गेला.

दिवे 24 व्होल्टचे, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानातला बल्ब लावायला जाऊ नका. वायपर हवेवर चालतात, म्हणजे चालतात असं म्हणायचं.

हायवेला नेणार असाल तर घेऊ नका, मी 10-12 मैलांच्या पुढे नेतच नाही. जमीन असेल आणि हात काळे करायची आवड असेल तर याच पैशात एवढं काम करणारं दुसरं काही मला तरी मिळालं नाही. सध्या टायर बदलायचेत, रिम लॉकरिंगवाली आहे, म्हणजे टायर एका वेगळ्या लोखंडी रिंगने अडकवलेला, हवा भरताना रिंग उडाली तर माणूस जातो, म्हणून पिंजरा असलेला टायरवाला शोधतोय. दोघांनी गाडी बघूनच हात जोडले.