शो जॅकेट खोगिरावर बसूनच घ्यावं: नऊ महिने वापरल्यानंतर

सप्टेंबरात घेतलेलं शो जॅकेट, म्हणजे घोडेस्वारीच्या स्पर्धेत घालायचा कोट, परवा धुऊन, सावलीत वाळवून, पावसाळ्यापुरतं कपाटात टांगलं. नऊ महिन्यांत त्याने सहा शो पाहिले, घामाचे पाट पाहिले आणि माझं एक साग्रसंगीत पडणंही पाहिलं. आता लिहायला हरकत नाही.

आधी माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय माझ्या मताचा कुणाला उपयोग नाही. मी ३९व्या वर्षी घोड्यावर बसायला शिकले, आता ४२ची आहे. पुण्यात एका क्लबात शिकते, शो जंपिंगमध्ये, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडायच्या स्पर्धेत, ८० आणि ९० सेंटिमीटर उंचीच्या गटात उतरते. छाती ४० इंच, कंबर ३५, नितंब ४३. जाहिरातींमधली जॅकेटं ज्या मुलींच्या अंगावर असतात त्या माझ्या निम्म्या वयाच्या आणि जवळपास निम्म्याच रुंदीच्या. त्यांना काहीही शोभतं.

पहिली दोन वर्षं मी क्लबातल्या एका मैत्रिणीचा जुना लोकरी कोट घालत होते. काळा, आतून सॅटिनचं अस्तर, आरशासमोर उभं राहिलं की झकास. मागच्या सीझनला त्याच कोटात ८० सेंटिमीटरचा राउंड चालू असताना पाचव्या उडीला काय झालं ते व्हिडिओत स्वच्छ दिसतं. नवाब उडाला. (माझा घोडा. रेसमधून निवृत्त झालेला, कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, स्वभावाने अगदी सभ्य.) मी पुढे झुकले. त्याची मान लांब होते तसे माझे हातही मानेच्या बाजूने पुढे जायला हवे होते, पण कोटाची पाठ या काखेपासून त्या काखेपर्यंत ताणली गेली आणि हात जिथल्या तिथे अडकले. लगाम खेचला गेला, तोंडाला हिसका बसला, त्याने मान वर केली, पाठ पोकळ केली आणि मागच्या पायांनी दांडी पाडली. चार पेनल्टी. सातव्या उडीसमोर तो उभाच राहिला. आणखी चार. बाहेर आल्यावर आमचे दफेदारसाहेब, घोडदळातून निवृत्त झालेले, नवाबला थोपटत म्हणाले, “मॅडम, याची काही चूक नाही. तुमचा कोट उडी मारायला तयार नव्हता.”

मी तेव्हा हसले. घरी जाऊन कोट घातला, आरामखुर्चीच्या हातावर टांग टाकून बसले, हात पुढे केले. पाठीत तोच हिसका.

गंमत बघा, घोडेस्वारीच्या जोधपुरी विजारी आपल्याकडच्या. जोधपूरचे सर प्रताप सिंह १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाला गेले आणि ती फॅशन तिकडे पसरली असं सांगतात. कोट मात्र तिकडचा, इंग्लंडच्या हिवाळ्यात शिकारीला जाणाऱ्यांचा. आणि तो आपण ऑक्टोबर हीटमध्ये वाळूच्या रिंगणात घालून उभे. म्हणून पहिला निर्णय सोपा होता: लोकर नको. आता मिळणारी बहुतेक स्पर्धेची जॅकेटं नायलॉन किंवा पॉलिस्टरमध्ये इलॅस्टेन घातलेल्या, चारही दिशांना ताणणाऱ्या कापडाची असतात. काहींना काखेत आणि पाठीच्या मध्यावर जाळी असते. मी घेतलेल्यालाही आहे.

मापाचा गोंधळ मात्र मी पुरता घातला. साइटवरच्या तक्त्यात माझ्या छातीच्या मापासमोर ४४ दिसलं, मी ४४ मागवलं. आलेलं जॅकेट दंडांतूनच वर जाईना. तक्ता जर्मन मापांचा होता आणि जॅकेटवरचं लेबल इटालियन. इटालियन आकडा जर्मनपेक्षा सहाने मोठा असतो, म्हणजे इटालियन ४४ म्हणजे जर्मन ३८. मला हवं होतं ते इटालियन ५०. परत पाठवायचा खर्च माझ्याच माथी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आकड्यांचा हा घोळ कुठल्याही परदेशी दुकानात होऊ शकतो. मागवण्याआधी छाती सेंटिमीटरमध्ये मोजा, आणि ती स्पर्धेत घालणार तीच स्पोर्ट्‌स ब्रा घालून मोजा. चार सेंटिमीटरचा फरक पडतो, हसू नका.

दुसऱ्यांदा आलेलं जॅकेट खांद्यांत आणि छातीत बरोबर बसलं, पण कंबरेत पोतं. ते अपेक्षितच होतं. खांदे नंतर दुरुस्त करता येत नाहीत, कंबर करता येते. म्हणून मोठ्या अंगाच्या बाईने माप खांदा आणि छातीचं घ्यावं, बाकीचं शिंप्यावर सोपवावं. मी कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या मास्टरजींकडे गेले. हे गृहस्थ आयुष्यभर फौजी अधिकाऱ्यांचे कोट शिवत आले आहेत. त्यांनी जॅकेट उलटंपालटं केलं, कापड ताणून सोडलं, म्हणाले, “ताई, हे साध्या सुईने शिवलं तर भोकं कायमची राहतील. मी गोल टोकाची बॉलपॉइंट सुई लावतो.” मग खडू घेऊन माझ्या मागे उभे राहिले. मी सवयीने ताठ उभी, नजर आरशात.

“आरशात बघू नका. घोड्यावर आरसा असतो का?” त्यांनी कोपऱ्यातला इस्त्रीचा बाक ओढला. “बसा. दोन्हीकडे पाय टाका. हातात लगाम धरा.”

गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात मी बाकावर घोडेस्वारीच्या पवित्र्यात बसले, हातात लगाम म्हणून त्यांची माप घ्यायची फीत. त्यांनी आधी कोपरं पुढे ढकलायला लावली, मग पुढे झुकायला, मग ताठ बसायला, आणि प्रत्येक वेळी खडूची रेघ वेगळ्या जागी आली. बसल्यावर नितंब पसरतात आणि पोट वर येतं. उभ्याने कंबर आवळून घेतली असती तर खोगिरावर मधलं बटण पोटावर ताणून बसलं असतं. त्यांनी बगलेची शिवण जवळपास सोडूनच दिली. घट्ट केल्या त्या पाठीवरच्या दोन उभ्या शिवणी, खांद्याच्या पात्याखालून कंबरेपर्यंत उतरणाऱ्या. अठराशे रुपये घेतले. एका पैशाचंही वाईट वाटलं नाही.

आता दिसण्याबद्दल. जॅकेट शोभतं की नाही हे रिंगणात लोकांना बाजूने आणि मागून दिसतं, समोरून फारसं नाही. माझ्या फोटोंवरून सांगते. सर्वांत जास्त फरक पडतो खालच्या काठाने. तो नितंबांच्या सर्वांत रुंद भागावर संपला तर नजर नेमकी तिथेच जाऊन थांबते. माझ्या जॅकेटचा काठ त्याच्या दोन बोटं वर संपतो आणि मागे दोन चिरा आहेत, त्यामुळे बसलं की मधली पाटी पसरते आणि खोगिराच्या मागच्या उंचवट्याला नुसती टेकते. जुना कोट लांब होता. त्याचा काठ बुडाखाली सापडायचा, मग मानेमागे कापडाचा फुगा व्हायचा आणि मी पाठमोरी कुबड आल्यासारखी दिसायची. दुसरं, कंबरेची शिवण प्रत्यक्ष कंबरेपेक्षा इंचभर वर असेल तर पाय लांब दिसतात. हा भाग मला नशिबाने मिळाला, मी काही शोधला नव्हता.

बाह्यांची लांबी उभ्याने, हात खाली सोडून तपासू नका. लगाम धरल्यासारखे हात पुढे केल्यावर आतल्या शर्टाची पांढरी कफ सेंटिमीटरभर दिसली पाहिजे. उभ्याने अगदी बरोबर वाटणारी बाही उडीच्या वेळी मनगटाच्या पार वर जाते.

रंग गडद निळा घेतला. काळ्यावर वाळूची धूळ पिठासारखी दिसते, निळ्यावर कमी. पण घाम वाळल्यावर पाठीवर आणि कॉलरखाली पांढऱ्या मिठाच्या रेघा उमटतात, त्या निळ्यावर जास्त दिसतात. ओल्या फडक्याने पुसल्या की जातात. फडकं सोबत ठेवायचं एवढंच लक्षात ठेवावं लागतं.

उकाड्यात कसं आहे? लोकरीपेक्षा कितीतरी बरं, पण घाम यायचा तो येतोच. जाळी चालते ती घोडा चालत असेल तेव्हा. वॉर्म-अपनंतर रांगेत उभं राहायची वेळ आली की जाळीतून वाराच येत नाही. मी त्या वेळी बटणं सोडून फक्त आतली चेन लावते. बटणांमागे चेन असणं ही मला आधी चैन वाटली होती, आता त्याशिवाय घेणार नाही, कारण घोडा जोरात वळला तरी छातीवरचं बटण उघडत नाही.

उकाड्यावरून माझी फजितीही सांगते. एका शोला दुपारी बाराच्या सुमारास ज्युरींनी जाहीर केलं की आज जॅकेट न घालता राउंड करायला परवानगी आहे. आंतरराष्ट्रीय नियमांतही अति उकाड्यात अशी सूट असते. सगळ्यांनी आनंदाने जॅकेटं काढली. मी आत बिनबाह्यांचा पांढरा शर्ट घातला होता, थंड राहावं म्हणून केलेली हुशारी. आणि जॅकेट काढायचं तर शर्टाला बाह्या हव्यात. त्या दिवशी अख्ख्या गटात जॅकेट घालून उडणारी मी एकटी. मुलं मला “कर्नल” म्हणायला लागली, अजून म्हणतात. तेव्हा आतला शर्ट बाह्यांचा आणि पांढऱ्या कॉलरचा घ्या, भले अर्ध्या बाह्यांचा असो.

एअर व्हेस्ट (पडल्यावर हवेने फुगून अंगाला जपणारं बंडीसारखं कवच) वापरत असाल तर जॅकेट घेतानाच विचार करा. माझा व्हेस्ट जॅकेटच्या आत असतो, त्याची दोरी खोगिराला अडकवलेली असते. फेब्रुवारीत नवाब एका रंगीत फळीला बिचकला, मी त्याच्या खांद्यावरून खाली गेले, दोरी सुटली आणि व्हेस्ट फटकन फुगला. जॅकेट टिकलं, कारण कापड ताणलं आणि चेन मधून उघडायची सोय आहे. न ताणणाऱ्या, बेतशीर कोटाखाली तोच व्हेस्ट फुगला असता तर त्याने आधी माझ्याच बरगड्या आवळल्या असत्या. व्हेस्ट घालायचा असेल तर माप व्हेस्ट घालूनच घ्या.

धुणं सोपं आहे. उलटं करून, चेन लावून, जाळीच्या पिशवीत, ३० डिग्रीवर मशीनमध्ये. फॅब्रिक कंडिशनर घालायचा नाही, त्याचा थर बसून कापड घाम शोषेनासं होतं. उन्हात वाळवू नका. घोड्याची लाळ, तीही हिरवा चारा खाल्लेली, लगेच पुसली नाही तर डाग धरते. माझ्या उजव्या खांद्यावर नवाबने तोंड पुसल्याचा एक फिकट डाग कायमचा राहिला आहे.

तक्रारी तीन. तिसऱ्या महिन्यात वरचं बटण सैल झालं. मास्टरजींनी मागे छोटं बटण देऊन पुन्हा बसवलं, ते कंपनीने आधीच करायला हवं होतं. कॉलरच्या कडेची चमकती पट्टी शिवलेली नसून चिकटवलेली निघाली आणि मार्चपर्यंत एका टोकाला सुटली. मी फोटो पाठवून विचारलं तर उत्तरात मला कपडे धुण्याच्या सूचना पाठवल्या, ज्या मी काटेकोर पाळत होते. तिसरी तक्रार कापडाचीच: हातमोज्यांची वेल्क्रो बाहीच्या टोकाला घासते आणि तिथे धाग्यांचे बारीक गोळे उठतात. आता मोजे आधी बंद करते, मग बाही खाली ओढते. ज्यांचा घोडा पांढरा किंवा सब्जा (करडा) आहे त्यांनी चिकट रोलर खिशात बाळगावा, हे कापड केस धरून ठेवतं. कुमैत घोडा असला तरी मला रोलर लागतोच.

खर्च म्हणाल तर जॅकेट, कस्टम आणि पहिल्या चुकीच्या पार्सलचा भुर्दंड धरून साधारण चोवीस हजार. स्वस्तात होत नाही असं नाही. वर्षाला एखाददुसरा शो असेल तर क्लबातलं जुनं, पण ताणणारं जॅकेट शोधा आणि शिंप्याला पैसे द्या. हल्ली ती पटकन मिळत नाहीत. २०२३च्या हांगचौ एशियाडमध्ये भारताला ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरावीक चाली नेटकेपणाने करून घ्यायची स्पर्धा) सांघिक सुवर्ण आलं, त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडाही होता. त्यानंतर आमच्या क्लबात मुलांची रांग लागली आहे आणि लहान मापाचं काही शिल्लक राहत नाही. वाढत्या वयाच्या मुलांना नवं घेऊच नका, बाह्या सहा महिन्यांत आखूड होतात.

याच जॅकेटवर मी डिसेंबरात एक प्राथमिक ड्रेसाज टेस्टही दिली. चाललं. तिथे पुढे झुकायचं नसतं, ताठ बसायचं असतं, त्यामुळे हे आखूड जॅकेट उलट जास्त नेटकं दिसलं. गुण ५८ टक्के, त्यात जॅकेटचा दोष नाही.

मार्चमध्ये ९० सेंटिमीटरला क्लिअर राउंड, म्हणजे एकही पेनल्टी न घेता फेरी, झाला तेव्हाचा फोटो मी मास्टरजींना दिला. नवाब हवेत, माझे हात त्याच्या मानेच्या मध्यावर, पाठ सपाट. त्यांनी चष्मा लावला, फोटो उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहून म्हणाले, “डावी बाही अर्धा सूत लांब राहिली. पावसाळ्यात आणून द्या.”