रोममधली मासळी आणि न दिसलेला तराजू

गेल्या मार्चमध्ये आई रत्नागिरीहून आमच्याकडे म्युनिकला आली असताना शनिवार-रविवार जोडून आम्ही तिघे, म्हणजे आई, पत्नी आणि मी, रोमला गेलो. देवळे-राजवाडे जमतील तेवढे पाहायचे, पण खाणे मात्र मनासारखे करायचे, असे आधीच ठरले होते. त्यातल्या शनिवारच्या रात्रीच्या एका जेवणात आमची जी फसवणूक झाली, तीत हॉटेलवाल्याच्या लबाडीइतकाच आमचा गाफीलपणाही होता, आणि म्हणूनच ती सविस्तर लिहावीशी वाटते.

दुपारपर्यंत सारे उत्तम चालले होते. तेस्ताच्चोच्या मंडईत आम्ही सुप्ली खाल्ले. हे टोमॅटोच्या रश्शात शिजवलेल्या भाताचे, पोटात चीज भरून तळलेले लांबट गोळे असतात. मग पिझ्झा आल ताल्यो, म्हणजे तुकड्याने विकला जाणारा पिझ्झा घेतला. विक्रेत्याने चौकोनी पिझ्झ्यावर सुरी टेकवून ‘एवढा?’ असे खुणेनेच विचारले, आईने बोटाने सुरी थोडी अलीकडे सरकवायला सांगितली, मग त्याने तुकडा कापून आमच्यासमोर वजनकाट्यावर ठेवला आणि आकडा दाखवूनच पैसे घेतले. तिथल्या पाटीवर भाव ‘एत्तो’चा लिहिला होता. एक एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. हे मला दुपारी दोन वाजता नीट कळले होते आणि रात्री आठ वाजता मी ते साफ विसरलो होतो.

रात्रीचे हॉटेल नवोना चौकामागच्या एका गल्लीत होते. दारात उभा असलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्यांना इंग्रजीतून आत बोलावत होता आणि मेनूकार्डावर पदार्थांचे फोटो होते. तिथेच पाऊल मागे घ्यायला हवे होते, पण चालून चालून आईचे पाय दुखत होते. पत्नीने काचो ए पेपे मागवला. पेकोरिनो हे मेंढीच्या दुधाचे चीज आणि मिरी एवढ्यावरच हा पास्ता उभा असतो. तळून फुलासारखी उमललेली आर्टिचोक या भाजीची दोन बोंडेही आम्ही सांगितली. मग वेटर बर्फाच्या तबकात एक मोठा, चांदीसारखा चकचकीत स्पिगोला मासा घेऊन आला. ‘जिताड्यासारखाच दिसतोय,’ असे म्हणत आईने कल्ला उचलून आतला लाल रंग पाहिला आणि मान डोलावली. मेनूत माशापुढे ८ युरो लिहिले होते आणि त्याच्यापुढे बारीक ‘एच’ आणि ‘जी’ ही अक्षरे होती. हेक्टोग्रॅम, म्हणजे तोच आपला एत्तो! मी ती अक्षरे पाहिली आणि तरीही काही विचारले नाही. मासा वजन न करताच आत गेला.

अर्ध्या तासाने ताटात दोन पांढऱ्या, काटे काढलेल्या फोडी आल्या. आईने पहिला प्रश्न विचारला, ‘अरे, डोकं कुठाय?’ मिरकरवाड्याच्या बंदरावर चाळीस वर्षे मासळी घेतलेल्या बाईला बिनडोक्याचा मासा वाढणे हा तिचा अपमानच. वेटर हसला आणि इथे डोके वाढत नाहीत असे म्हणाला; पण आई हटेना, म्हणून शेवटी एका बशीत ते आले. ते माझ्या तळहातात मावेल एवढे होते. आईने एकवार बशीकडे आणि एकवार माझ्याकडे पाहिले. ‘हा तो मासा नव्हे. हा फार तर अर्ध्या किलोचा.’

बिल म्हणून एक हाताने लिहिलेली चिठ्ठी आली आणि तिच्यावर फक्त बेरीज होती, २१५ युरो ५ सेंट. तपशील मागितल्यावर तो असा निघाला: मासा १ किलो ४०० ग्रॅम, ११२ युरो, काचो ए पेपेच्या दोन प्लेट २८, आर्टिचोक १८, पाण्याच्या दोन बाटल्या १०, वाइन १०, आम्ही न मागवलेला पाव माणशी ३ प्रमाणे ९, आणि या साऱ्यावर मेनूत कुठेही न लिहिलेला १५ टक्के सेवाआकार. मी वजनाचा पुरावा मागितला, तेव्हा मासा आता शिजला आहे, असे उत्तर मिळाले. ते खरेही होते. पुरावा आम्हीच खाऊन बसलो होतो, आणि उरलेले डोके बशीतून माझ्याकडे पाहत होते. मग मी स्कोन्त्रीनो, म्हणजे कायदेशीर छापील पावती मागितली आणि नगरपालिकेच्या पोलिसांना बोलावतो असे म्हणालो, तेव्हा मालकाचा आवाज एकदम मऊ झाला आणि सेवाआकाराचे २८ युरो कमी झाले. माशाबद्दल मात्र तो शेवटपर्यंत बधला नाही. आई थकली होती, म्हणून मी १८७ युरो भरून उठलो. पोलिसांना खरोखरच बोलवायला हवे होते, असे आता वाटते.

यात नवीन काहीच नाही. २०१९ मध्ये रोममध्येच दोन जपानी पर्यटक तरुणींना माशाच्या स्पगेटीच्या दोन प्लेट आणि पाणी यांचे जवळपास ४३० युरोंचे बिल लावले गेले होते, त्यात ८० युरो टीप होती, आणि त्या बिलाची छायाचित्रे जगभर फिरली होती. ती बातमी मी वाचली होती आणि हसलोही होतो.

आमच्या मुक्कामाच्या ठिकाणी काउंटरवरच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी आणखी काही सांगितले. रोम ज्या प्रांतात येते त्या लात्सिओमध्ये ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, २००६ च्या प्रांतिक कायद्याने बंद झाला आहे, म्हणूनच अनेक ठिकाणी तेच पैसे ‘पाने’, म्हणजे पावाच्या नावाने लावले जातात. पाव नको असेल तर टोपली टेबलावर येताच परत पाठवावी. मेनूत पदार्थापुढे चांदणी असेल तर तो पदार्थ सहसा गोठवलेल्या मालाचा असतो. आणि मासा पसंत केला की तो स्वयंपाकघरात जाण्याआधी आपल्यासमोर वजन करायला लावावा, आकडा कागदावर लिहून घ्यावा, आणि टाळाटाळ झाली तर पास्ता खाऊन उठावे. ‘आमच्या घरचेही असेच करतात,’ असे त्या म्हणाल्या, तेव्हा मला जरा बरे वाटले.

विमान संध्याकाळचे होते. दुपारी पुन्हा तुकड्याचा पिझ्झा खायचा असे आईनेच ठरवले. दुकानदाराने तुकडा काट्यावर ठेवला, तेव्हा ती चष्मा चढवून काउंटरवरून पुढे वाकली, ३२० हा आकडा तिने मोठ्याने मराठीत वाचला, आणि मगच मला पाकीट काढायला सांगितले.