संक्रांतीला आलेल्या बाळभेटी: पावसाळ्यापर्यंत काय वापरात राहिलं

बोरन्हाणाची भेट घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "बाळ केवढं आहे?" आणि आपण आजचं वय सांगून मोकळे होतो. गफलत तिथंच होते. चार महिन्यांच्या बाळाला लोकरीचा सेट दिला तर तो जेमतेम महिनाभर अंगावर जातो. सोलापुरात फेब्रुवारीच्या मध्यापासून दुपार तापायला लागते, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पुढची थंडी येईपर्यंत बाळ सव्वा वर्षाचं झालेलं असतं. म्हणून भेट निवडताना पुढच्या सहा महिन्यांचं वय आणि त्या सहा महिन्यांतली इथली हवा डोळ्यापुढं ठेवावी. संक्रांतीपासून पावसाळ्यापर्यंतच्या वापरात हा निकष जवळजवळ प्रत्येक वस्तूला लागू पडला.

सगळ्यात जास्त वापर झाला तो आपल्या गावच्याच टेरी टॉवेलचा. पण टॉवेल जाड तितका चांगला, हे बाळाच्या बाबतीत खरं नाही. ३० बाय ६० इंचांचा टॉवेल साधारण साडेचारशे ग्रॅम भरला तर तो ४०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा असतो. लेबल नसलं तरी दुकानातल्या काट्यावर हे लगेच कळतं. साडेसहाशे ग्रॅमचा टॉवेल हाताला मऊ लागतो, पण पावसाळ्यात दिवसभर वाळत नाही, कुबट वास धरतो आणि धुवायला पाणीही जास्त खातो. रोज नळाला पाणी नसलेल्या गावात हा मुद्दा छोटा नाही. नवा टॉवेल पाणी टिपत नाही अशी तक्रार सगळेच करतात. त्यावर खळ आणि मऊपणासाठी दिलेलं फिनिश असतं. दोन-तीनदा नुसत्या पाण्यात धुतला की तो टिपायला लागतो. फॅब्रिक सॉफ्टनर मात्र वापरू नये, त्यानं पुन्हा तोच थर चढतो. बोअरच्या जड पाण्यानं टॉवेल पापडासारखा कडक होतो, कारण क्षार आणि साबण धाग्यांत बसतात. साबण कमी करावा आणि शेवटच्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालावं. टॉवेलवरच्या सुताचा फासा बाहेर निघाला तर ओढू नये, कात्रीनं कापावा. गडद रंगाचा टॉवेल घेताना रंग जातो का ते ओला पांढरा रुमाल घासून बघावं. टोपीचे टॉवेल फोटोला छान दिसतात, पण सात-आठ महिन्यांत टोपी डोक्याला पुरत नाही. त्यापेक्षा एक फूट चौरसाचे डझनभर नॅपकिन द्यावेत. दात येताना गळणारी लाळ, वरण-भात, घाम या सगळ्याला तेच कामी येतात.

सोलापुरी चादर अंगावर घालायला देऊ नये, लहान बाळाला ती जड होते. खाली अंथरायला मात्र तिच्यासारखं दुसरं काही नाही. शहाबादी फरशीवर बाळ रांगायला लागलं की गुडघे सोलतात आणि फरशीच्या सांध्यांत बोटं जातात. तिथं दुहेरी घडी घातलेली चादर फोमचे तुकडे जोडून होणाऱ्या चटईपेक्षा बरी. त्या चटईचे कोपरे बाळ चावून तोडतं. जुन्या सुती साडीची पातळ गोधडी किंवा मलमलची दुपटी कोणी दिली तर डोळे झाकून घ्यावीत. मोहरीची उशी मात्र राहू द्यावी, वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना उशी नकोच.

काळं झबलं बहुतेक जण बाळाच्या मापाचं आणि टिकल्या लावलेलं घेतात. ते एक दिवस घातलं जातं. एक माप मोठं, साधं सुती, पुढून बंद होणारं घेतलं तर नंतर घरात रोज वापरता येतं. बंद आखूड असावेत आणि गळ्याभोवती नाडी नसावी. हलव्याचे दागिने हौसेनं घालावेत, फोटो झाला की लगेच काढावेत. हलव्याचा एक दाणा घशात अडकायला पुरेसा असतो. ओततानाही वर्षाच्या आतल्या बाळावर फक्त चुरमुरे ओतावेत. बोरं, उसाचे करवे, हरभरे बाजूच्या मोठ्या मुलांपुढं टाकावेत आणि सगळं झाल्यावर चादर झटकून मगच बाळाला खाली ठेवावं.

चांदीत वाटी-चमचा उपयोगी, कारण सहा महिन्यांनी वरचं खाणं सुरू होतंच. चमच्याची कड अंगठ्यानं तपासावी, स्वस्तात घेतलेले पातळ चमचे ओठाला कापतात. वाटी उथळ असावी. अंड्यातल्या गंधकामुळं चमचा काळा पडतो. ॲल्युमिनियम फॉइलवर चमचा ठेवून गरम पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घातला की डाग निघतो. पैंजणांतलं घुंगरू सुटून तोंडात जाण्याची भीती कायम राहते. उघड्या तोंडाच्या वाळ्यात कातडी चिमटते, आणि टॉवेलचे फासे निघतात ते बहुतेक त्याच टोकात अडकून.

खेळण्यांत होम मैदानावरच्या गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेतली, खरेदी मोठ्या भावंडांसाठी ठेवावी. दिवे लागणारी, आवाज करणारी स्वस्त खेळणी बटण बॅटरीवर चालतात, आणि बाळानं बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. १ जानेवारी २०२१ पासून बहुतेक खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे, तेवढी बघूनच घ्यावं. आकाराचं माप सोपं आहे. घशात अडकू शकणाऱ्या सुट्या भागांच्या चाचणीतल्या नळीचा व्यास ३१.७ मि.मी. असतो आणि दहाच्या नाण्याचा २७ मि.मी. नाण्यापेक्षा अर्धा सेंटीमीटर मोठ्या भोकातूनही जो भाग आत जाईल, तो वर्षाच्या आतल्या बाळाजवळ नको. चन्नपट्टणचा लाखेच्या रंगाचा खुळखुळा सगळ्यात जास्त दिवस हातात राहिला. तो भिजत घालू नये, ओल्या फडक्यानं पुसावा. पाण्यात दाबून वाजवायच्या रबरी बदकांत आत पाणी राहून बुरशी धरते.

वॉकर देऊ नये. कॅनडानं २००४ पासून त्यांची विक्रीच बंद केली आहे. आपल्याकडं उंबरठे आणि पायऱ्या कमी नाहीत, शिवाय वॉकरमुळं चालणं लवकर येतं हा समजही खोटा. पांगुळगाडा बरा, पण तो दहाव्या महिन्यानंतर. गुळगुळीत टाइल्सवर तो पुढं पळतो, तेव्हा खालच्या फळीवर एक-दोन किलो वजन बांधावं आणि कोणीतरी सोबत असावं. छत्रीची मच्छरदाणी बाळ पालथं पडेपर्यंतच वापरावी. नंतर ती उचलली जाते आणि जाळी तोंडावर येते.

मध, ग्राइपवॉटर, दुधाच्या पावडरीचे डबे भेट म्हणून नकोतच. मध तर वर्षाच्या आत चाटवायलाही नको.

कपडे दिले तर बिल पाकिटात घालून द्यावं, किंमत झाकायची असेल तर झाकावी. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात आणि दुकानाची बदलून देण्याची मुदत बहुधा आठवड्याची असते. महिनाभर आधी घेऊन ठेवलेलं झबलं मापात बसलं नाही तर बदलून मिळत नाही.