राहून गेलेला स्पेशालिस्ट पे: अर्ज करावा की ट्रिब्युनल गाठावं?

चतुर्थीला पुतणी फोंड्याला आली होती. लष्करी इस्पितळात भूलतज्ज्ञ आहे, मेजर. दीड दिवसाचं विसर्जन आटोपून सगळे निवांत बसले, तेव्हा तिनं मोबाइलवर पे स्लिपा उघडल्या आणि म्हणाली, "काका, ग्रेडिंग झाल्यावर नऊ महिने स्पेशालिस्ट पे लागलाच नव्हता. आत्ता लक्षात आलं. मेसमधले म्हणतात, अर्ज-बिर्ज करत बसू नकोस, सरळ ट्रिब्युनलमध्ये जा."

ग्रेडिंग म्हणजे लष्करानं डॉक्टरला तज्ज्ञ म्हणून दिलेली अधिकृत मान्यता, आणि त्यानंतर पगारात जी जादा रक्कम मिळते तो स्पेशालिस्ट पे. काही वर्षांपूर्वी मीही याच प्रश्नावर अडलो होतो. माझे अकरा महिने होते. मी वकीलपत्रावर सही करण्याच्या बेतात होतो आणि शेवटी अर्जाच्या वाटेनं गेलो. तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो. मी निवृत्त लष्करी डॉक्टर आहे, वकील नाही, एवढं लक्षात ठेवून वाचावं.

आधी ट्रिब्युनलबद्दल, कारण त्याचं आकर्षण मोठं असतं आणि ते मला पटतंही. २००७ च्या कायद्यानं सशस्त्र दल न्यायाधिकरण आलं, २००९ मध्ये त्याचं काम सुरू झालं. पगार आणि भत्ते त्याच्या कक्षेत स्पष्टपणे येतात. महाराष्ट्र, गुजरात आणि आपला गोवा मुंबईच्या पीठाकडे. पर्वरीला हायकोर्ट हाकेवर असताना मुंबई कशाला, असं आपल्याकडे प्रत्येक जण विचारतो. कोर्टकचेरीत पगाराच्या तक्रारीची पहिली पायरी ट्रिब्युनलच. त्याच्या निकालाविरुद्ध हायकोर्टात रिट करता येते, हे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं साफ केलंय. म्हणजे पर्वरी आहे, पण नंतर.

ट्रिब्युनलची ताकद कुठं दिसते, तर प्रश्न हक्काचा किंवा धोरणाचा असतो तिथं. एनपीए, म्हणजे खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल डॉक्टरांना मिळणारा भत्ता, घ्या. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ पासून तो मूळ वेतनाच्या २० टक्के, आणि दोन्ही मिळून २,३७,५०० रुपयांच्या वर जायचं नाही. महागाई भत्ता आणि पेन्शन काढताना तो धरला जातो, म्हणून तो चुकला की नुकसान जन्मभर चालू राहतं. १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्या लष्करी डॉक्टरांच्या पेन्शनमध्ये एनपीए धरायचा की नाही, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २००६ मध्ये निकाल डॉक्टरांच्या विरोधात लागला, पण जादा दिलेले पैसे परत वसूल करायचे नाहीत, हा दिलासा मिळाला. असला प्रश्न कुठल्याही कारकुनाला अर्ज लिहून सुटत नाही. त्याला न्यायालयच लागतं.

स्पेशालिस्ट पे राहून जातो तो बहुतेक वेळा वेगळ्याच कारणानं. तुमचा हक्क कुणी नाकारलेला नसतो. तो कागदावर चढलेला नसतो, एवढंच.

माझं काय झालं ते सांगतो, कारण माझा निर्णय यावरच ठरला. ग्रेडिंगचा आदेश आला तेव्हा माझी बदली झालेली होती. अशा बदलाची नोंद युनिट पार्ट टू ऑर्डर काढून करतं आणि तिच्यावरूनच पगार ठरतो. जुन्या युनिटला वाटलं, ती ऑर्डर नवीन युनिट काढेल. नवीन युनिटनं धरलं की घटना जुन्या ठिकाणची, तेच काढतील. अकरा महिन्यांनी एका हवालदार क्लार्कच्या लक्षात आलं आणि त्यानं ऑर्डर काढली, पण लागू होण्याची तारीख टाकली ती नव्या युनिटमध्ये त्या पदाची नोंद झाली त्या दिवसाची. ग्रेडिंगची तारीख मागेच राहिली. त्या दिवसापासून पे सुरू झाला. सुरू झाला या आनंदात मी मागे वळून पाहिलंच नाही.

निवृत्तीनंतर हिशेब लावायला बसलो आणि पत्रं लिहायला लागलो. आणि इथं ती गोष्ट सुरू झाली जिनं मला खरोखर थकवलं. मला मिळालेलं प्रत्येक उत्तर बरोबर होतं. पगार कार्यालयानं लिहिलं, पार्ट टू ऑर्डरप्रमाणे पे दिलेला आहे. बरोबर. ऑर्डरशिवाय त्यांना एक रुपयाही देता येत नाही. युनिटनं लिहिलं, ऑर्डर काढलेली आहे, क्रमांक अमुक. तेही बरोबर. तक्रार पोर्टलवर दोनदा गेलो, दोन्ही वेळा तीच दोन वाक्यं चिकटवून तक्रार बंद. चुकीचं कुणीच बोलत नव्हतं आणि माझे अकरा महिने कुठंच नव्हते. खोटं उत्तर आलं असतं तर भांडता तरी आलं असतं. दर पत्राला महिना-दीड महिना जायचा, नंतर तेच वाक्य हाती यायचं, आणि मी आणखी कडक भाषेत तोच प्रश्न पुन्हा विचारायचो.

तेव्हाच मुंबईच्या एका वकिलांशी बोलणं झालं. भले गृहस्थ. त्यांनी फी सांगितली, ती माझ्या थकबाकीच्या आसपासच होती. पण मी थांबलो तो फीमुळं नाही. ते म्हणाले, "डॉक्टर, तुमच्यासारख्या प्रकरणात बऱ्याचदा आदेश असा होतो, की अर्जावर अमुक महिन्यांत कारणांसह निर्णय द्या." म्हणजे मडगावहून रात्रीची गाडी पकडून मुंबईच्या तारखा करायच्या आणि शेवटी कागद ज्या टेबलावर अडलाय त्याच टेबलावर परत यायचा. शिवाय कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणे खात्यातले उपाय संपवल्याशिवाय ट्रिब्युनल साधारणपणे अर्ज घेतच नाही. मग तो उपाय आधी नीट का करू नये, असं मला वाटलं.

मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. सैन्य या कायद्यातून वगळलेलं आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. तीनच गोष्टी मागितल्या: ग्रेडिंगच्या आदेशाची प्रत, पार्ट टू ऑर्डरची प्रत, आणि त्या काळातली पगाराच्या लेजरची, म्हणजे खातेवहीची, पानं. का दिलं नाही, हे विचारलं नाही. माहिती अधिकारात 'का' विचारलं की उत्तर टाळायला वाट मिळते.

प्रती आल्या. दोन कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवले. आमच्याकडच्या दमटपणात टाचणी आठवड्यातच गंजते, तिचा तपकिरी ठिपका नेमका तारखेशेजारी उमटला होता. एकावर ग्रेडिंगची तारीख, दुसऱ्यावर लागू होण्याची तारीख, मध्ये अकरा महिने. पहिल्यांदा मला कळलं की मी चुकीच्या दारात उभा होतो. पैसे मागायचेच नव्हते. ऑर्डर दुरुस्त करून मागायची होती.

त्यानंतरचा अर्ज दीड पानाचा झाला. आधीची कडक भाषा काढून टाकली. मागणी एकच: अमुक क्रमांकाच्या पार्ट टू ऑर्डरमधली तारीख ग्रेडिंगच्या आदेशाप्रमाणे दुरुस्त करून नवीन ऑर्डर काढावी, आणि ते शक्य नसेल तर कारणांसह लेखी आदेश द्यावा. सोबत दोन्ही प्रती. युनिटला पाठवला, वरच्या वैद्यकीय मुख्यालयाला प्रत, पगार कार्यालयाला फक्त माहितीसाठी. पाचव्या महिन्यात दुरुस्तीची ऑर्डर निघाली. लेजरमध्ये जमेची ओळ त्यानंतर फार उशिरा आली नाही.

माझ्या एका अनुभवावरून नियम काढू नये, हे मान्य. माझ्याच बॅचच्या एका मित्राचा अर्ज अगदी असाच होता आणि तो सात महिने नुसता पडून राहिला, मग त्यानं ट्रिब्युनल गाठलं आणि त्याचं काम तिथं झालं. त्याच्याशी बोललात तर तो दुसऱ्या बाजूनं सांगेल आणि त्याचंही खरं असेल. पण तोही सात महिने थांबल्यामुळंच आत जाऊ शकला, हे मी त्याला प्रत्येक वेळी आठवण करून देतो.

कारण मुदतीचं गणित अर्जाशीच बांधलेलं आहे. अर्जावर अंतिम निर्णय आला, की त्या दिवसापासून सहा महिन्यांत ट्रिब्युनलमध्ये जायचं. सहा महिने उत्तरच आलं नाही, तर उपाय संपला असं धरतात आणि पुढचे सहा महिने तुमचे. उशीर माफ होऊ शकतो, पण तो मागावा लागतो. आणि दर वर्षी नवा अर्ज टाकून मुदत लांबत नाही. मी पत्रामागून पत्र लिहीत होतो तेव्हा वेळ माझ्या हातून निघून चालला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

यात पेन्शनवाल्यांची आणि स्पेशालिस्ट पेवाल्यांची स्थिती सारखी नाही. पेन्शन दर महिन्याला कमी येत असेल, तर नुकसान दर महिन्याला नव्यानं होतं. तिथं उशीर झाला तरी दार बंद होत नाही. मात्र २००८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. माझे अकरा महिने हा संपून गेलेला काळ होता. असा दावा जुना होत जातो तसा खरोखर कमकुवत होतो, असं त्या वकिलांचंच मत. त्यातच युनिटमधले जुने कागद ठरावीक काळानंतर नष्ट होतात. म्हणून नोकरीत असाल तर निवृत्तीची वाट पाहू नका. नोकरीत असलेल्या अधिकाऱ्याला, कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज करूनही दाद मिळाली नाही तर, आर्मी अॅक्टच्या २७व्या कलमाखाली केंद्र सरकारकडे तक्रार करायची वाटही असते. ती वेळ खाते, पण तिच्यावर येणारं उत्तर टाळाटाळीचं नसतं, असं ऐकून आहे.

पुतणीला मी म्हटलं, "बाय, तुझा नऊ महिन्यांचा प्रश्न तारखेचा आहे की हक्काचा, ते आधी दोन कागद शेजारी ठेवून बघ. ग्रेडिंगच मान्य नाही असं कुणी लेखी दिलं असेल, तर मी स्वतः तुझ्याबरोबर मुंबईला येईन. नुसती तारीख चुकली असेल, तर मला तरी अर्जच बरा वाटतो."

तिनं त्याच रात्री आमच्या टेबलावर बसून माहितीचा अर्ज भरला. मी तिला आणखी एकच गोष्ट सांगितली. अर्ज स्पीड पोस्टानं पाठवशील, तेव्हा पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेव. सहा महिने मोजायला तीच पावती लागते, आणि त्या कागदावरची शाई आमच्या पावसाळ्यात तेवढे दिवस टिकत नाही. माझी कोरी झाली होती. मला पोस्टात जाऊन पोचल्याचा दाखला मागून आणावा लागला.