बांधकाम पक्कं, नकाशा मात्र परका

भूकंपात आमचं दगडमातीचं घर बसलं. एका धार्मिक मिशनच्या लोकांनी ते पुन्हा बांधून दिलं. त्यालाही आता दोन पावसाळे झाले, म्हणून लिहितेय.

आवडलं ते गवंडीकाम. जोत्यावर, दारंखिडक्यांच्या वर आणि छताखाली काँक्रीटच्या सलग पट्ट्या. भिंती एकमेकींना धरून राहतात. सळ्यांभोवतीच्या लोखंडी रिंगांची टोकं ९० अंशांत वळवलेली दिसली की मिस्त्री ती सोडवून १३५ अंशांत आत वळवून घ्यायचा, म्हणजे हादऱ्यात रिंग उघडत नाही. पाणी निदान सात दिवस मारायचंच. मी एक दिवस चुकवला आणि सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली!

प्रार्थना त्यांची रोज सकाळी, आपापसात. आम्हाला कुणी ‘बसा’ म्हटलं नाही. मदतीच्या आडून धर्म पुढे करायचा नाही, हे रेडक्रॉसच्या १९९४च्या आचारसंहितेतही आहे. इथं ते पाळलेलं पाहिलं.

राग एकाच गोष्टीचा. नकाशा आम्हाला न विचारता आला: गोठा लांब, न्हाणी नेमकी दारासमोर. सासूबाई अजून मागच्या दारानंच ये-जा करतात. पाचपैकी चार तारे.